युक्रेनियनमधील ‘कोणीतरी’ आणि ‘कोणीही’ : अनिश्चित सर्वनामे मराठीच्या आधाराने कशी शिकावीत

युक्रेनियन शिकणारा मराठी माणूस विभक्तींचे तक्ते आणि पूर्ण-अपूर्ण क्रियापदांच्या जोड्या यांत जेमतेम स्थिरावतो, तोच ‘कोणीतरी’, ‘काहीही’, ‘कुठेतरी’, ‘काही जण’ अशा रोजच्या शब्दांपाशी पुन्हा अडखळतो. या अडखळण्याचे मूळ युक्रेनियन भाषेत फारसे नाही. ते आपण निवडलेल्या वाटेत आहे. आपल्या हाती येणारी बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजीतून समजावतात आणि इंग्रजीत ‘सम’ व ‘एनी’ अशा दोनच खुंट्यांवर सगळे टांगलेले असते. त्यातला ‘एनी’ प्रश्नातही चालतो, नकारातही चालतो आणि ‘वाटेल तो’ अशी मुभा देतानाही चालतो. युक्रेनियनमध्ये या तीन ठिकाणी तीन वेगवेगळे शब्द लागतात. म्हणून इंग्रजीतून शिकणारा दर वाक्यात अंदाज बांधत बसतो. मराठीत मात्र ‘तरी’, ‘ही’ आणि ‘सा’ हे तीन छोटे शब्द आहेत, शिवाय ‘कोण जाणे’ आणि ‘देव जाणे’ आहेत. युक्रेनियनची ही सगळी व्यवस्था त्यांच्या आधाराने फार स्वच्छ उलगडते. जिथे मराठी आपल्याला चुकवते, अशाही दोन-तीन जागा आहेत, आणि त्या नेमक्या माहीत असल्या की पुष्कळसा घोळ टळतो.

आधी लेखनाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण इथे युक्रेनियन शब्द देवनागरीत दिले आहेत. ‘ख’ हा स्फोट न करता घशाशी घासून काढावा, उर्दूतली ‘खबर’ नीट उच्चारावी तसा. ‘श्च’ म्हणजे ‘पश्चिम’ शब्दात येतो तोच जोड. ‘च’ हा ‘चित्र’मधला आणि ‘ज’ हा ‘जरा’मधला समजावा. ‘स’ किंवा ‘द’ शब्दाच्या शेवटी पाय मोडून लिहिलेला दिसेल तिथे तो मृदू आहे, म्हणजे जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून तो म्हणायचा. शेवटचा ‘द्’ रशियनप्रमाणे ‘त्’ होऊ द्यायचा नाही. युक्रेनियनमध्ये तो घोषच राहतो. ऱ्हस्व ‘इ’ ही इ आणि ए यांच्या मधली आहे, दीर्घ ‘ई’ मात्र स्वच्छ ई आहे, आणि ही दोन वेगळी अक्षरे असल्यामुळे त्यांची अदलाबदल करू नये. ‘ह’च्या बाबतीत तर आपण भाग्यवान आहोत. रशियन लोक जिथे ‘ग’ म्हणतात तिथे युक्रेनियनमध्ये सघोष ‘ह’ येतो आणि तो आपल्या ‘हात’मधल्या ‘ह’शी जवळजवळ जुळतो. म्हणून ‘कोणालातरी’ या अर्थाचा ‘कोहोस्’ हा शब्द मराठी तोंडात सहज बसतो.

पाया : कोण आणि काय

युक्रेनियन व्याकरणात या गटाला ‘नेओज्नाचेनी जायमेन्निकि’ म्हणजे अनिश्चित सर्वनामे म्हणतात. आपल्याकडच्या शालेय व्याकरणात ‘सामान्य किंवा अनिश्चित सर्वनाम’ शिकवताना ‘कोण’ आणि ‘काय’ हेच प्रश्नार्थक शब्द पुन्हा समोर येतात, हे अनेकांना आठवत असेल. युक्रेनियनमध्येही तसेच आहे : संपूर्ण गट प्रश्नार्थक शब्दांना एखादा छोटा शब्द मागून किंवा पुढून जोडून तयार होतो. त्यामुळे प्रश्नार्थक शब्द पक्के नसतील तर पुढे जाण्यात काहीच अर्थ नाही. ‘ख्तो’ म्हणजे कोण, ‘श्चो’ म्हणजे काय, ‘याकिय्’ म्हणजे कोणता किंवा कसा, ‘चिय्’ म्हणजे कोणाचा, ‘स्कील्कि’ म्हणजे किती. अव्ययांत ‘दे’ म्हणजे कुठे, ‘कुदि’ म्हणजे कुठे या अर्थी कोणत्या दिशेने, ‘कोलि’ म्हणजे केव्हा, ‘याक’ म्हणजे कसे आणि ‘चोमु’ म्हणजे का.

युक्रेनियनमध्ये सात विभक्ती आहेत. त्यांतील संबोधन या सर्वनामांना लागत नाही, म्हणून सहा रूपे उरतात. ‘ख्तो’ची रूपे क्रमाने ‘ख्तो, कोहो, कोमु, कोहो, किम, ना कोमु’ अशी होतात आणि ‘श्चो’ची ‘श्चो, चोहो, चोमु, श्चो, चिम, ना चोमु’ अशी. हा क्रम कर्ता, संबंध, संप्रदान, कर्म, करण आणि अधिकरण असा आहे. शेवटच्या विभक्तीआधी नेहमी एखादे शब्दयोगी अव्यय लागते, म्हणून ‘ना’ म्हणजे ‘वर’ हे उदाहरण म्हणून जोडले आहे. ‘श्चो’चे मूळ पुढच्या रूपांत बदलून ‘चो’ होते. हे विचित्र वाटू देऊ नये, कारण आपणही ‘काय’पासून ‘कशाला’, ‘कशाने’, ‘कशात’ करतो आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. आणखी एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. ‘ख्तो’चे कर्माचे रूप संबंधाच्या रूपासारखे होते, ‘श्चो’चे मात्र कर्त्यासारखेच राहते. मराठीत आपण ‘कोणाला पाहिले?’ असे विचारतो आणि वस्तूविषयी ‘काय पाहिले?’ असे. सजीव कर्माला खूण लावायची आणि निर्जीव कर्माला लावायची नाही, ही जाण आपल्याकडे आधीपासूनच आहे.

‘स्’ म्हणजे तरी

सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त शिकावा असा प्रत्यय म्हणजे शेवटी लागणारा मृदू ‘स्’. ‘ख्तोस्’ म्हणजे कोणीतरी, ‘श्चोस्’ म्हणजे काहीतरी, ‘याकिय्स्’ म्हणजे कोणतातरी, ‘चिय्स्’ म्हणजे कोणाचातरी, ‘देस्’ म्हणजे कुठेतरी, ‘कुदिस्’ म्हणजे कुठेतरी या अर्थी कोणत्यातरी दिशेने, ‘कोलिस्’ म्हणजे कधीतरी, ‘याकोस्’ म्हणजे कसेतरी आणि ‘चोमुस्’ म्हणजे का कोण जाणे. मराठीतला ‘सा’ आठवा : ‘कुठल्याशा गावात’, ‘कसलासा आवाज’, ‘कुणीसे म्हणाले’. ‘याकिय्स्’ आणि ‘कुठलासा’ यांतील ‘स’ हा केवळ ध्वनीचा योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला तो फार उपयोगी पडतो.

आता ‘कोहोस्’ हा शब्द जवळून पाहू. त्यातला ‘को’ म्हणजे ‘कोण’चे सामान्यरूप, ‘हो’ हा विभक्तीचा प्रत्यय आणि ‘स्’ ही अनिश्चिततेची खूण. मराठीत हाच शब्द ‘कोणा + ला + तरी’ असा बनतो. दोन्ही भाषांत विभक्ती आत बसते आणि अनिश्चिततेची खूण सगळ्यांच्या शेवटी येते. आपण ‘कोणीतरीला’ म्हणत नाही, ‘कोणालातरी’ म्हणतो. तसेच युक्रेनियन माणूस ‘ख्तोस्’ला मागून प्रत्यय लावत नाही, तो ‘ख्तो’ चालवतो आणि मग ‘स्’ जोडतो. म्हणून ‘कोमुस्’, ‘किमोस्’, ‘चोहोस्’, ‘चिमोस्’ ही रूपे वेगळी पाठ करण्याची गरज नाही. करण विभक्तीत तेवढा ‘स्’च्या आधी एक ‘ओ’ येतो, आणि ‘किमोस्’च्या जोडीने ‘किम्स्’ हे रूपही शुद्ध मानले जाते. ‘वीन कोमुस् पिशे’ म्हणजे तो कोणालातरी लिहीत आहे. ‘वोना ज किमोस् रोज्मोव्ल्याये’ म्हणजे ती कोणाशीतरी बोलत आहे. लिंगवचनाचा मेळही असाच आत बसतो : ‘चियास् सुम्का’ म्हणजे कोणाचीतरी पिशवी, कारण ‘सुम्का’ स्त्रीलिंगी आहे. ‘याकिय्स्, याकास्, याकेस्, याकीस्’ ही कर्तारूपे पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग आणि अनेकवचन या क्रमाने आहेत. ‘कोणतातरी, कोणतीतरी, कोणतेतरी’ हे ज्याला येते त्याला यात नवे काही नाही.

मराठी इथे एका जागी पाय अडकवते. आपण ‘कोणीतरी आले आहे’ असे म्हणतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी ठेवतो; बोलताना तर ‘कोणीतरी आलंय’ असेच तोंडात येते. युक्रेनियनमध्ये ‘ख्तोस्’बरोबर भूतकाळाचे क्रियापद पुल्लिंगी एकवचनीच येते, आलेली व्यक्ती स्त्री असली तरी. ‘ख्तोस् प्रिय्शोव’ हे बरोबर आहे. ‘प्रिय्श्लो’ हे नपुंसकलिंगी रूप चूक आहे. ‘श्चोस्’ मात्र नपुंसकलिंगी आहे : ‘श्चोस् स्तालोस्या’ म्हणजे काहीतरी घडले. त्याच्या जोडीला येणारे विशेषणही नपुंसकलिंगी असते आणि त्याच्याबरोबर चालते : ‘श्चोस् त्सीकावे’ म्हणजे काहीतरी मनोरंजक, तर ‘या खोचु चोहोस् सोलोद्कोहो’ म्हणजे मला काहीतरी गोड हवे आहे.

‘स्’ लावलेल्या काही शब्दांनी आपले अर्थ थोडे पसरले आहेत, आणि वाचताना ते माहीत असलेले बरे. ‘कोलिस्’ मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही काळांत चालतो : ‘कोलिस् तुत बुव लीस’ म्हणजे कधीकाळी इथे जंगल होते, आणि ‘कोलिस् या पोयीदु दो ल्वोवा’ म्हणजे कधीतरी मी ल्वीवला जाईन. ‘याकोस्’चा अर्थ ‘कसेतरी’ आहे, पण गोष्ट सांगताना ‘याकोस् उवेचेरी’ असे आले तर त्याचा अर्थ ‘एकदा संध्याकाळी’ असा घ्यायचा. ‘श्चोस् मेनी खोलोद्नो’ या वाक्यात ‘श्चोस्’ कर्ता नाही. ‘मला कशी कोण जाणे, थंडी वाजते आहे’ असा त्याचा भाव आहे. संख्येपूर्वी ‘याकिखोस्’ आले की संख्या किरकोळ ठरते : ‘याकिखोस् प्यात् ख्विलिन’ म्हणजे कुठलीशी पाच मिनिटे, जेमतेम पाच मिनिटे.

नकाराची जागा

या विषयात मराठीभाषक विद्यार्थ्याची सर्वांत मोठी चूक कोणती, असे विचारल्यास मी ‘ही’ आणि नकार यांची जोडी दाखवीन. मराठीत ‘कोणीही येऊ शकते’ आणि ‘कोणीही आले नाही’ या दोन्ही वाक्यांत ‘कोणीही’ एकच आहे. पहिल्या वाक्यात ते सर्वांना मुभा देते, दुसऱ्यात सर्वांना वगळते. युक्रेनियनमध्ये पहिल्यासाठी ‘बुद्-ख्तो’ लागतो आणि दुसऱ्यासाठी ‘नीख्तो’. सुरुवातीच्या काळात मी स्वतः ‘बुद्-ख्तो ने प्रिय्शोव’ असे म्हटले होते. समोरची व्यक्ती क्षणभर थांबली, मी काय म्हणत असेन याचा विचार केला आणि मग हळूच ‘नीख्तो’ असे म्हणाली. त्या एका थांबण्याने जे शिकवले ते तक्त्यातून कळले नव्हते : ते वाक्य ऐकणाऱ्याला अर्थच लागत नाही.

नियम असा ठेवावा. क्रियापदाला नकार असेल आणि मराठीत ‘कोणीही’, ‘काहीही’, ‘कुठेही’, ‘कधीही’ किंवा त्याऐवजी ‘कोणीच’, ‘काहीच’ असे येत असेल, तर युक्रेनियनमध्ये ‘नी’ने सुरू होणारा शब्द घ्यायचा आणि क्रियापदापूर्वी ‘ने’ ठेवायचाच. ‘नीख्तो ने प्रिय्शोव’ म्हणजे कोणीही आले नाही. ‘या नीचोहो ने ज्नायु’ म्हणजे मला काहीच माहीत नाही. इथे दोन नकार होतात, पण ते एकमेकांना खोडत नाहीत. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी या दुहेरी नकाराला बिचकतो. मराठी विद्यार्थ्याला त्याचे ओझे वाटण्याचे कारण नाही, कारण आपणही ‘कोणीही’ म्हणून वर ‘नाही’ म्हणतोच. ‘ही’च्या जागी ‘नी’ बसवला की वाक्याची बाकी बांधणी तशीच राहते.

‘बुद्’ म्हणजे ही

नकार बाजूला काढल्यावर उरलेला ‘ही’ म्हणजे ‘बुद्’. हे मुळात ‘असणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे, ‘अस’ किंवा ‘असो’ या अर्थाचे. ‘कोणी का असेना’ या मराठी प्रयोगात ‘असणे’ जे काम करते तेच इथे चालले आहे. ‘बुद्-ख्तो मोझे प्रिय्ति’ म्हणजे कोणीही येऊ शकते. ‘बुद्-दे’ म्हणजे कुठेही, ‘बुद्-कोलि’ म्हणजे केव्हाही, ‘बुद्-याकिय्’ म्हणजे कोणताही.

पुण्या-मुंबईत आधी रशियन शिकून मग युक्रेनियनकडे वळलेल्यांसाठी, तसेच खार्कीव किंवा विन्नित्सा येथे वैद्यकीय शिक्षण घेताना बाजारात, बसमध्ये, दुकानात दोन्ही भाषा कानांवर पडलेल्यांसाठी इथे एक सावधगिरीची सूचना आहे. रशियनमध्ये ‘कोणताही’ या अर्थी ‘ल्युबोय’ म्हणतात. त्याच्याशी मिळताजुळता ‘ल्यूबिय्’ हा शब्द युक्रेनियनमध्ये आहे, पण त्याचा अर्थ ‘प्रिय’ असा होतो. मिश्र बोलीत ‘कोणत्याही वेळी’ यासाठी ‘व ल्यूबिय् चास’ असे ऐकू येते, मात्र शुद्ध युक्रेनियनमध्ये ‘उ बुद्-याकिय् चास’ असेच म्हटले आणि लिहिले जाते. पत्राची सुरुवात ‘ल्यूबिय्’ने झाली तर लिहिणारा आपल्याला ‘प्रिय’ म्हणत आहे.

‘नेबुद्’ कुठे बसवावा

आता थोडी नाजूक जागा येते. ‘ख्तो-नेबुद्’, ‘श्चो-नेबुद्’, ‘याकिय्-नेबुद्’ यांचे मराठीत भाषांतर पुन्हा ‘तरी’नेच होते. मग ‘ख्तोस्’ आणि ‘ख्तो-नेबुद्’ यांत फरक काय? मराठीतली दोन वाक्ये घ्या. ‘कोणीतरी दार वाजवत आहे’ या वाक्यात माणूस खरोखर दाराशी आहे, फक्त तो कोण ते माहीत नाही. ‘कोणीतरी जाऊन पाणी आणा’ या वाक्यात अजून कोणीच निवडलेले नाही. जो जाईल तो. पहिल्या ठिकाणी ‘ख्तोस्’ लागतो : ‘ख्तोस् स्तुकाये उ द्वेरी’. दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे आज्ञेत, विनंतीत, अटीत किंवा पुढे घडणाऱ्या गोष्टीत, ‘ख्तो-नेबुद्’ शोभतो. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ज्याच्याविषयी मी बोलत आहे तो माणूस किंवा ती वस्तू ठरलेली आहे का? ठरलेली असेल तर ‘स्’. अजून ठरायची असेल तर ‘नेबुद्’ला वाव आहे.

‘वाव आहे’ असे मी मुद्दाम म्हणतो. युक्रेनियन माणूस या दुसऱ्या जागीही पुष्कळदा ‘स्’च वापरतो. ‘रोज्काझि श्चोस् त्सीकावे’ म्हणजे ‘काहीतरी मनोरंजक सांग’ हे अगदी स्वाभाविक वाक्य आहे, आणि ‘कोणी फोन केला तर’ यासाठी ‘याक्श्चो ख्तोस् पोद्ज्वोनित्’ हेही तितकेच स्वाभाविक आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जिथे मराठीत ‘तरी’ आहे तिथे ‘स्’ लावून सहसा चूक होत नाही. उलट बाजूने मात्र तसे नाही : खरोखर दार वाजवणाऱ्या माणसाला ‘ख्तो-नेबुद्’ म्हणता येत नाही. शंका आली की ‘स्’ घ्यावा, हे नवशिक्याने गाठीशी बांधून ठेवावे.

‘नेबुद्’ आणि ‘बुद्’ यांतला फरक पाहण्यासाठी पुस्तकाच्या कपाटापाशी उभे राहा. ‘वीज्मि याकु-नेबुद् क्निझ्कु’ म्हणजे कुठलेतरी एक पुस्तक घे, रिकाम्या हाताने जाऊ नको. ‘वीज्मि बुद्-याकु क्निझ्कु’ म्हणजे कुठलेही पुस्तक घे, सगळी तुझ्यासाठी खुली आहेत. मराठीतला ‘तरी’ आणि ‘ही’ यांचा फरक इथे जसाच्या तसा उतरला आहे.

काही प्रश्नांत आणि अटींत मराठीप्रमाणेच युक्रेनियनमध्येही कोणतीच खूण लावत नाहीत. दारातून आपण ‘घरात कोणी आहे का?’ असे विचारतो, त्यात ना ‘तरी’ असतो ना ‘ही’. युक्रेनियन शेजारी तसाच नुसत्या ‘ख्तो’ने विचारतो : ‘ये ख्तो व्दोमा?’

काही जण, ऐरेगैरे आणि देव जाणे

‘दे’ हा शब्द पुढे लागला की अर्थ ‘सगळे नाहीत, काही’ असा होतो. ‘दे’ म्हणजे मुळात ‘कुठे’. तेव्हा ‘कुठे कुठे कोणी’ असे मनात म्हटले की ‘देख्तो’ म्हणजे ‘काही जण’ हे लक्षात राहते. मात्र आपण ‘काही जण म्हणतात’ असे अनेकवचन वापरतो आणि युक्रेनियनमध्ये ‘देख्तो’ एकवचनीच राहतो : ‘देख्तो व्वाझाये’ म्हणजे काही जण मानतात. नामाबरोबर ‘काही’ म्हणायचे असेल तर ‘देयाकिय्’ चालवावा : ‘देयाकी स्तुदेन्ति’ म्हणजे काही विद्यार्थी, ‘देयाकिय् चास’ म्हणजे काही काळ. ‘देश्चो’ म्हणजे एखाददुसरी गोष्ट, आणि बोलणाऱ्याला ती नेमकी माहीत असते. ‘या खोचु तोबी देश्चो स्काजाति’ असे कोणी म्हणाले तर त्याला एक ठरावीक गोष्ट सांगायची आहे, असे समजून ऐकावे. विशेषणापूर्वी हाच शब्द ‘काहीसा’ होतो : ‘देश्चो दोरोझ्चे’ म्हणजे काहीसे अधिक महाग.

‘आबि’ने सुरू होणारे शब्द मला या गटात सर्वांत जिवंत वाटतात, कारण त्यांत बोलणाऱ्याचे मत मिसळलेले असते. ‘आबिख्तो’ म्हणजे ऐरागैरा. ‘वीन ने आबिख्तो’ हे वाक्य ‘तो काही ऐरागैरा नव्हे’ या मराठी वाक्याशी शब्दाला शब्द जुळते. ‘आबियाक’ म्हणजे कसेबसे, उरकून टाकल्यासारखे : ‘ज्रोबिव आबियाक’ म्हणजे त्याने काम वरवर उरकले. ‘आबियाकिय्’ म्हणजे सुमार, आणि त्याला नकार जोडून केलेला ‘नेआबियाकिय्’ हा शब्द एकदम उलट्या टोकाला जातो : ‘नेआबियाकिय् उस्पीख’ म्हणजे असामान्य यश. ‘बुद्-याकिय्’ आणि ‘आबियाकिय्’ यांची अदलाबदल कधीही करू नये. पाहुण्याला ‘कोणताही चहा चालेल’ असे म्हणायचे असताना त्याने ‘आबियाकिय्’ म्हटले, तर ‘कसलाही टाकाऊ चहा चालेल’ असा वास त्याला येतो.

उरलेले शब्द नवशिक्याने ओळखण्यापुरते शिकावेत. ‘ख्तोज्ना’ म्हणजे अक्षरशः ‘कोण जाणे’, आणि तो एकटाही उत्तर म्हणून चालतो. ‘बोज्ना’ म्हणजे ‘देव जाणे’ : ‘बोज्ना-स्कील्कि’ म्हणजे देव जाणे किती. ‘काज्ना’ याच वळणाचा आहे, पण त्यात नापसंतीची धार असते : ‘होवोरित् काज्ना-श्चो’ म्हणजे भलतेसलते बोलतो. दोन दूरच्या भाषांनी अज्ञान व्यक्त करायला एकाच तऱ्हेने ‘जाणणे’ वापरावे, याचे मला प्रत्येक वेळी अप्रूप वाटते.

लिहिताना : जोडून, जोडरेघ आणि फोडून

लेखनाचा नियम थोडक्यात सांगता येतो. ‘स्’, ‘दे’ आणि ‘आबि’ शब्दाला जोडून लिहायचे; ‘बुद्’, ‘नेबुद्’, ‘काज्ना’, ‘ख्तोज्ना’ आणि ‘बोज्ना’ जोडरेघ देऊन लिहायचे. 22 मे 2019 रोजी युक्रेनच्या मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या शुद्धलेखन नियमावलीतही ही पद्धत कायम आहे.

खरी कसोटी लागते ती शब्दयोगी अव्यय आल्यावर, कारण युक्रेनियनमध्ये ते नामाच्या आधी येते. खूण मागे असेल, म्हणजे ‘स्’ किंवा ‘नेबुद्’, तर अव्यय सरळ पुढे उभे राहते : ‘ज किमोस्’ म्हणजे कोणाशीतरी, ‘उ कोहो-नेबुद्’ म्हणजे कोणाकडेतरी. खूण पुढे असेल तर अव्यय तिच्या आणि सर्वनामाच्या मध्ये शिरते आणि तिन्ही शब्द सुटे होतात, जोडरेघही जाते : ‘बुद् ज किम’ म्हणजे कोणाशीही, ‘दे ज किम’ म्हणजे काही जणांशी, ‘आबि ज किम’ म्हणजे ऐऱ्यागैऱ्याशी, ‘काज्ना व चोमु’ म्हणजे भलत्याच कशात. नकारातही तेच : ‘या नी ज किम ने होवोरिव’ म्हणजे मी कोणाशीही बोललो नाही. ‘ज बुद्-किम’ किंवा ‘ज नीकिम’ असे लिहिणे ही विद्यार्थ्यांच्या वह्यांत सतत आढळणारी चूक आहे. ‘कोणाशीही’ या शब्दात ‘शी’ जसा ‘कोणा’ला चिकटून ‘ही’ला दूर ठेवतो, तसेच ‘ज’ हा ‘किम’ला चिकटून ‘बुद्’ला दूर ठेवतो, असे पाहिले की नियम मनात राहतो.

सराव

सरावासाठी तक्ते भरण्यापेक्षा मराठी वाक्ये हाताशी घ्यावीत. दिवसभरात आपण स्वतः बोललेली दहा वाक्ये लिहावीत, ज्यांत ‘तरी’, ‘ही’, ‘च’ किंवा ‘काही जण’ आले आहे. मग आधी क्रियापदाला नकार आहे का ते पाहावे, असल्यास ‘नी’. नकार नसेल आणि ‘ही’ असेल तर ‘बुद्’. ‘तरी’ असेल तर ‘स्’. एवढे करून झाल्यावर विभक्ती ठरवावी आणि शेवटी अव्यय कुठे बसते ते तपासावे. रूपाविषयी किंवा आघाताविषयी, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा याविषयी, शंका असेल तर ‘होरोख’ या ऑनलाइन शब्दकोशसंग्रहात शब्द टाकला की आघातासह सगळी विभक्तिरूपे दिसतात. प्रत्यक्ष वापर पाहायचा असेल तर ‘ह्राक’ हा युक्रेनियन मजकुराचा मोठा संग्रह आहे. ‘बुद् ज किम’ तिथे शोधून आलेली वीस वाक्ये वाचली तर कान तयार होतो.

त्यानंतर एखादा छोटा प्रसंग रचून तो सगळ्या खुणांमधून फिरवावा. समजा, ल्वीवमधल्या एका वसतिगृहात संध्याकाळी दारावर टकटक होते. ‘ख्तोस् स्तुकाये’, कोणीतरी दार वाजवत आहे. दार उघडले तर ‘नीकोहो नेमाये’, कोणीच नाही. उंबऱ्याशी एक पुडके आहे : ‘ख्तोस् श्चोस् जालिशिव’, कोणीतरी काहीतरी ठेवून गेले, आणि इथे ‘जालिशिव’ पुल्लिंगी आहे हे पुन्हा एकदा पाहून घ्यावे. शेजारच्या खोलीतल्या मुलीला विचारावे : ‘ति कोहोस् बाचिला?’, तू कोणाला पाहिलेस का? ती म्हणते, ‘तुत बुद्-ख्तो मोझे जाय्ति’, इथे कोणीही आत येऊ शकते, आणि वर तक्रार जोडते, ‘देख्तो ने जाचिन्याये द्वेरेय्’, काही जण दार लावत नाहीत. मग सुचवते, ‘स्पिताय् उ कोहो-नेबुद्’, कोणालातरी विचार. आपण पुडके उलटसुलट करून पाहतो, त्यावर नाव नाही, आणि ते टेबलावर ठेवता ठेवता म्हणतो : ‘ख्तोज्ना, चिये वोनो’, कोण जाणे कोणाचे आहे ते.